‘स्किप’चे बटण आणि शिकणारा मेंदू

मोबाइलवर नवा गेम उतरवून घेतला की पहिली काही मिनिटे खेळ असा सुरू होतच नाही. पडदा अंधारतो, एकच बटण उजळ राहते आणि त्यावर एक पांढरा हात नाचू लागतो : ‘इथे दाबा’. दाबले की पुढचे बटण, मग त्याच्या पुढचे. मध्येच एखादे गोंडस पात्र येऊन चार ओळींचे भाषण करते. खेळाच्या या शिकवणीला ट्युटोरियल म्हणतात आणि बरेचदा पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप’ असे लिहिलेले असते. ज्या घरात बारा-चौदा वर्षांचे मूल आहे, तिथे त्या शब्दापर्यंत अंगठा किती वेगाने पोचतो हे वेगळे सांगायला नको. शेजारी बसलेल्या वडिलांचा शेराही ठरलेला असतो : ‘आधी वाच तरी काय लिहिलंय ते! तुम्हा मुलांना धीर म्हणून नाही.’

डेंगी, मधुमेह, रक्तदाब यांच्या सदरात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण नवी गोष्ट शिकताना आधी समजावून घ्यायचे की आधी हात घालून पाहायचे, हा प्रश्न खेळापुरता नाही. शाळेत तो आहे, शस्त्रक्रिया शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसमोर आहे आणि दम्याचा पंप पहिल्यांदा हातात घेणाऱ्या रुग्णासमोरही आहे. व्हिडिओ गेमच्या जगात त्याचा बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. त्यातून निघणारे उत्तर वडिलांच्या बाजूचे नाही आणि सगळे मुलाच्या बाजूचेही नाही. धडधाकट, चपळ मुलाने साध्या गेमचे ट्युटोरियल वगळले तर काही बिघडत नाही. बरेचदा ते शहाणपणाचेच असते. तोच सल्ला त्याने आजीला दिला तर मात्र तो अंगाशी येऊ शकतो. धीर आहे की नाही हे दुय्यम. झालेली चूक लगेच कळते का, कळली तर लक्षात राहते का, आणि पुन्हा प्रयत्न करायला मिळतो का, हे आधी पाहायचे.

ट्युटोरियलशिवाय शिकवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८५ चे आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने त्या वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम आणला. शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला टप्पा असा रचला, की सूचनेचा एक शब्द न वाचता खेळ समजावा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळी मोकळी जागा. जायचे कुठे, हे सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेले की समोरून रागीट चेहऱ्याचा एक बुटका प्राणी चालत येतो. त्याला धडकले की मारिओ मरतो. पण खेळ सुरू होऊन काही सेकंदच झालेले असतात, त्यामुळे गमावण्यासारखे काही नसते. पुन्हा सुरुवात, या वेळी उडी. वर प्रश्नचिन्हाची चौकट चमकत असते. उडी मारताना डोके तिला लागते आणि नाणे निघते. दुसऱ्या चौकटीतून अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे सरकत जाऊन हिरव्या पाइपला आपटते आणि उलटी मारिओकडेच येते. नवखा खेळाडू तिलाही शत्रू समजून चुकवू पाहतो, पण डोक्यावर विटा असल्याने त्याला नीट उडी घेता येत नाही. अळंबी लागते आणि मारिओ मोठा होतो. ही वस्तू आपल्या फायद्याची, हा धडा पूर्ण. ही मांडणी किती विचारपूर्वक केली होती, हे मियामोतो यांनी पुढे मुलाखतींत उलगडून सांगितले आहे.

आपल्याकडे हा गेम पोचला तो मुख्यतः नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर, कॅसेटमधून. आज चाळिशीत असलेल्या पिढीतल्या कुणी माहितीपुस्तिका वाचून मारिओ शिकल्याचे ऐकिवात नाही. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, एवढीच काय ती त्या काळातली तांत्रिक सूचना, आणि तीही शेजारच्या दादाने दिलेली.

मग ट्युटोरियल हवेच कशाला? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली हाच प्रश्न आकड्यांनी तपासला. तीन वेगवेगळ्या गेममध्ये त्यांनी ट्युटोरियलचे आठ प्रकार बसवले, काही खेळाडूंना शिकवणी दिली, काहींना दिली नाही, आणि ४५ हजारांहून अधिक खेळाडू किती वेळ टिकतात ते मोजले. दोन सोप्या गेममध्ये ट्युटोरियल असण्या-नसण्याने दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. खटपट करून, पडून-धडपडून लोकांना खेळ कळत होता. तिसऱ्या, सर्वांत अवघड गेममध्ये मात्र ट्युटोरियल मिळालेले लोक २९ टक्क्यांपर्यंत अधिक वेळ खेळले. किती वेळ खेळले यावरून किती शिकले हे ठरत नाही, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. तरी दिशा कळते. जे करून पाहता पाहता सापडते ते शिकवायची गरज नाही. जे तसे सापडणारच नाही ते शिकवावे लागते.

तो अवघड गेम कोणता होता, हे वैद्यकाच्या दृष्टीने सांगण्याजोगे आहे. त्याचे नाव ‘फोल्डिट’. २००८ साली त्याच विद्यापीठातून तो आला. त्यात खेळाडूला प्रथिनाची लांब साखळी पडद्यावर दिली जाते आणि ती दुमडून योग्य आकार द्यायचा असतो. २०११ साली या खेळाडूंनी माकडांत एड्ससारखा आजार निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना सुमारे तीन आठवड्यांत सोडवली. शास्त्रज्ञ दहा वर्षांहून अधिक काळ त्यावर अडले होते. बहुतेक खेळाडू जीवरसायनशास्त्राचे पदवीधर नव्हते. पण प्रथिनाचा पाण्यापासून दूर पळणारा भाग आतल्या बाजूला वळवायचा असतो, हे नुसती साखळी ओढून-ताणून कुणाला सुचेल? मारिओला शत्रू दिसतो, खड्डा दिसतो. प्रथिनाचा नियम डोळ्यांना दिसत नाही. तो कुणीतरी सांगावाच लागतो.

सांगण्याची पद्धतही महत्त्वाची, आणि बहुतेक ट्युटोरियल तिथेच फसतात. नुकतीच कानावर आलेली माहिती डोक्यात धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ तिला ‘वर्किंग मेमरी’ म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची क्षमता साधारण सात गोष्टींची मानली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपासच असल्याचे मांडले. ही जागा रिकामीही भराभर होते. १९५९ साली पीटरसन दांपत्याने केलेल्या प्रयोगात लोकांना फक्त तीन अक्षरे सांगितली आणि मनात घोकता येऊ नये म्हणून लगेच उलटे आकडे मोजायला लावले. १८ सेकंदांत बहुतेकांची बहुतेक अक्षरे पुसली गेली होती. आता एखादे ट्युटोरियल डोळ्यांपुढे आणा. चालायचे कसे, पळायचे कसे, वाकायचे कसे, बंदूक कुठून बदलायची, पिशवी कुठे, नकाशा कुठे, औषध कुठे. यातली एकही गोष्ट त्या क्षणी लागत नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला वीस डबे ओळीने दाखवले तर त्याच्या काय लक्षात राहणार? फोडणी टाकायच्या वेळी त्याने ‘मोहरी कुठंय?’ विचारले आणि मिसळणाचा डबा दाखवला, की तो डबा कायमचा लक्षात राहतो. म्हणूनच गरजेच्या क्षणी, एकेक करून आलेली सूचना उपयोगी पडते आणि सुरुवातीला गोणीभर ओतलेली सूचना वाया जाते. मुलगा जेव्हा ‘स्किप’ दाबतो तेव्हा तो आळस करत असेलही, पण फार काही गमावत नसतो. वाचले असते तरी मिनिटभराने विसरलाच असता.

आधी शिकवण्याचा एक तोटा याहून सूक्ष्म आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक विचित्र खेळणे, त्यात चार करामती लपवलेल्या. काही मुलांना प्रयोग करणाऱ्या बाईंनी मुद्दाम शिकवले : ‘हे बघ, ही नळी ओढली की आवाज येतो.’ इतर मुलांना तसे शिकवले नाही. काहींच्या समोर तो आवाज जणू चुकून झाला. मग खेळणे मुलांच्या हाती दिले. ज्यांना शिकवले होते ती मुले पुन्हा पुन्हा नळीच ओढत बसली. शिकवणी न मिळालेल्या मुलांनी खेळणे अधिक वेळ उलटसुलट करून पाहिले आणि त्यांना बाकीच्या करामतीही अधिक सापडल्या. मोठ्या माणसाने एक गोष्ट दाखवली याचा मुलांनी काढलेला अर्थ तर्कशुद्धच होता : यात आणखी काही असते तर त्यांनी तेही दाखवले असते. नाचऱ्या पांढऱ्या हाताचे ट्युटोरियल नेमके हेच करते. ते रस्ता दाखवते आणि बाकीचे रस्ते झाकते.

इथपर्यंत वाचून एखादे चौदा वर्षांचे चिरंजीव वर्तमानपत्र वडिलांपुढे धरतील. त्यांनी जरा थांबावे.

ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी गेली चार दशके दुसरी बाजू मांडली आहे. बीजगणित नव्याने शिकणाऱ्यांना नुसती गणिते सोडवायला देण्यापेक्षा आधी सोडवलेली उदाहरणे दाखवली, तर ते लवकर आणि कमी चुका करत शिकतात. कारण तेच : डोक्यातली जागा लहान. नवख्याची ती जागा अंधारात चाचपडण्यातच खर्च होते, शिकायला काही उरत नाही. मात्र त्याच परंपरेतल्या पुढच्या अभ्यासांत असेही दिसले, की जाणकाराला तीच सोडवलेली उदाहरणे अडथळा ठरतात. त्याला ठाऊक असलेले पुन्हा वाचावे लागते आणि त्यातच दमछाक होते. म्हणजे एकच ट्युटोरियल एकाला औषध आणि दुसऱ्याला ओझे. आठ-दहा गोळीबाराचे गेम खेळून झालेला मुलगा अकरावा गेम उघडतो तेव्हा तो नवखा नसतोच. डावा अंगठा चालवतो, उजवा नेम धरतो, हे त्याच्या बोटांत उतरलेले असते. तो वगळतो ते त्याला येत असते म्हणून. तोच मुलगा शहर वसवण्याचा किंवा विमान चालवण्याचा अवघड गेम पहिल्यांदा उघडून त्याच ऐटीत ‘स्किप’ दाबतो, तेव्हा तासाभराने वैतागून गेम काढून टाकतो आणि ‘बोअर आहे’ म्हणतो. गेम बोअर नसतो, कळलेला नसतो.

आणखी एक अट आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. चूक स्वतःहून बोलली पाहिजे. मारिओ खड्ड्यात पडला की पडला. चुकले कुठे हे त्याच क्षणी दिसते. पण काही गेममध्ये सुरुवातीला आपल्या पात्राला कोणते गुण द्यायचे हे ठरवावे लागते, आणि ती निवड चुकल्याचे पंधरा-वीस तासांनी कळते. तोवर बदलायची सोय राहिलेली नसते. अशा खेळात ‘करून पाहू’ चालत नाही, कारण करून पाहिल्याचा निकालच येत नाही.

दवाखान्यात याचे रोजचे उदाहरण म्हणजे दम्याचा पंप. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबतानाच हळू, खोल श्वास आत घ्यायचा आणि मग दहा सेकंद धरून ठेवायचा. कागदावर पाहिले तर चार ओळींचे ट्युटोरियल. ते वगळले तरी पंपातून फुस्स आवाज येतो, तोंडात चव येते आणि औषध घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बरेचसे औषध घशात चिकटलेले असते. १९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला; त्यात बरोबर पद्धतीने पंप घेणारे रुग्ण ३१ टक्केच निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. इन्सुलिनच्या पेनचेही तसेच. टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून सुईतून औषध येते का पाहायचे असते. न पाहिल्यास त्या वेळी काहीच जाणवत नाही, साखर वाढते ती नंतर. इथे चूक मुकी आहे. म्हणून इथे शिकवणी वगळण्याचा प्रश्नच येत नाही. ती एकदा नव्हे, दर भेटीत करून दाखवून घ्यायला हवी.

गेममध्ये ‘स्किप’ दाबणारे मूल पुढे पंपाची चिठ्ठीही न वाचता फेकेल, असे काही पालकांना वाटते. त्याला पुरावा नाही. मुलांना खेळ आणि औषध यांतला फरक कळतो, फक्त कुणीतरी तो एकदा बोलून दाखवायला हवा.

आता आजी. साठी-सत्तरीतल्या माणसांनी मोबाइलवर खेळू नये असे कुणी म्हणणार नाही. २०२०च्या टाळेबंदीत नवी मुंबईत तयार झालेल्या ‘लुडो किंग’वर किती आज्या-आजोबा परगावच्या नातवंडांबरोबर खेळले! तिथे शिकवणीची गरज पडली नाही, कारण पटावरचे नियम लहानपणापासून पाठ होते. फासा पडद्यावर कुठे दाबायचा, एवढेच शिकायचे होते. अनोळखी खेळाचे तसे नसते. ज्याला पडद्यावरचे तीन आडव्या रेघांचे चिन्ह म्हणजे यादी उघडणारे बटण, हेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी खेळाचे नियम आणि यंत्राची भाषा अशा दोन गोष्टी एकदम नव्या असतात. त्या व्यक्तीला ‘स्किप कर’ सांगणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीच्या खोल बाजूने ढकलण्यासारखे.

स्मरणशक्ती उतरणीला लागली असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. चुकांतून शिकायचे तर ‘मघाशी हे केले आणि ते चुकले’ हे आठवावे लागते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले, की ज्यांची नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली आहे अशा रुग्णांना अंदाज करू देऊन शिकवण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकवले, तर ते बरेच चांगले शिकतात. कारण विचित्र वाटेल, पण सरळ आहे. केलेली कृती त्यांच्या हातात रुजते. ती चूक होती ही आठवण मात्र रुजत नाही. मग पुढच्या वेळी हात त्याच चुकीकडे जातो. विस्मरणाच्या रुग्णाला नवा फोन, नवा रिमोट किंवा नवा खेळ शिकवताना ‘तुम्हीच शोधा, येईल’ हे प्रोत्साहन वाटते, पण ते नुकसान करते. त्यांच्यासाठी नाचणारा पांढरा हात हीच योग्य पद्धत. एकच बटण उजळ, बाकी सगळे बंद, आणि तेच पुन्हा पुन्हा.

निरोगी वयस्करांसाठी चित्र इतके निराशाजनक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ॲडम गॅझाले यांच्या गटाने २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ८५ वर्षे वयाच्या लोकांनी गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा एक गेम महिनाभरात एकूण १२ तास खेळला. एका वेळी दोन कामे सांभाळण्यात ते सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढे गेले आणि सहा महिन्यांनंतरही तो फायदा टिकून होता. त्या गेममध्ये अवघडपणा प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे आपोआप कमी-जास्त होत होता, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. शिकवणी खेळातच मुरलेली होती.

मराठी अंगणात ही पद्धत फार जुनी आहे. लपाछपी किंवा डबा ऐसपैसमध्ये धाकट्या भावंडाला घ्यावेच लागे. तेव्हा त्याला कच्चा लिंबू करायचे. तो पळणार, लपणार, ओरडणार, सगळे खऱ्या खेळात करणार. फक्त त्याच्यावर राज्य येणार नाही. चुकीची किंमत काढून घेतलेली, खेळ मात्र खराखुरा. याहून चांगले ट्युटोरियल शोधून सापडणार नाही, आणि त्यात कुणी बाण नाचवत नव्हते. आजचे काही ऑनलाइन गेम नवख्याला पहिल्या काही फेऱ्यांत संगणकाचे सोपे प्रतिस्पर्धी देतात, तो हाच प्रकार. घरात आजीला गेम शिकवणाऱ्या नातवाने एवढे करावे : तिला कच्चा लिंबू करून सोबत खेळावे आणि फोन तिच्याच हातात राहू द्यावा. ‘दे इकडे, मी करून देतो’ यातून ती काहीच शिकत नाही.

आता ट्युटोरियलच्या हेतूविषयी. सगळी ट्युटोरियल शिकवायला बसलेली नसतात. फुकट मिळणाऱ्या अनेक मोबाइल गेममध्ये शिकवणीच्या नावाखाली खेळाडूला आधी थोडी हिरे-माणके भेट देतात. मग एखादी इमारत बांधायला लावतात आणि घड्याळ सुरू करतात : इतकी मिनिटे थांबा. लगेच हात नाचतो : हिरे खर्च करा, लगेच पूर्ण होईल. वाट पाहण्याचा कंटाळा आणि पैशाने मिळणारी सुटका यांची गाठ पहिल्या पाच मिनिटांत, फुकटात बांधून दिली जाते. हिरे संपले की खरे रुपये. सवय लावण्याची ही रीत मानसशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखू येईल. अशी शिकवणी वगळता येत नसेल, तर तो गेमच वगळावा. मुलाच्या फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावण्याचे काम मात्र वडिलांचे. ‘आधी वाच’ म्हणणाऱ्यांनी हे आधी करावे.

उलट, ज्या गोष्टी कुणीच वगळू नयेत त्यांच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. गेम सुरू होताना क्षणभर एक मजकूर येतो : लखलखणाऱ्या प्रकाशामुळे काहींना आकडी येऊ शकते. तो कायदेशीर सोपस्कार नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या टीव्ही मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची झपाट्याने उघडझाप झाली आणि सुमारे ६८५ जणांना, त्यात बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण तीन टक्के लोकांना अशा प्रकाशाने झटका येतो आणि हे प्रमाण मुलांत व किशोरवयीनांत जास्त असते. काहींचा तो आयुष्यातला पहिला झटका असतो. घरात कुणाला आकडीचा त्रास असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये लखलखाट कमी करण्याची सोय आहे का ते पाहावे, दिवा लावून आणि पडद्यापासून अंतर ठेवून खेळावे, झोप मोडून खेळू नये. खेळताना विचित्र वाटू लागले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. दोन्ही डोळे नुसते मिटल्याने काम होत नाही. आणि झटका आलाच तर कांदा, चप्पल यांच्या मागे न धावता त्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय गाठावे.

डोक्याला लावायच्या व्हीआर उपकरणाची सुरुवातीची मांडणीही अशीच. खोलीत आपल्याभोवती सुरक्षित रिंगण आखून घ्यायचे असते. घाईत ते वगळणारा माणूस टीपॉयवर आपटतो किंवा खिडकीवर हात मारतो. घाटात गाडी लागणाऱ्यांना अशा खेळांत मळमळ होते. पडद्याची हालचाल कमी करणारी सेटिंग बऱ्याच गेममध्ये असते, पण ‘स्किप’वाल्याला तिचा पत्ताच नसतो. रंगांधळेपणा पुरुषांमध्ये बायकांपेक्षा किती तरी अधिक आढळतो. लाल आणि हिरवा संघ वेगळा दिसत नाही म्हणून हरणारी मुले स्वतःला मठ्ठ समजतात. रंग बदलण्याचा पर्याय तीन बटणांपलीकडे असतो.

गेम हेच औषध असेल तर? २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एंडेव्हर-आरएक्स’ या गेमला ८ ते १२ वर्षांच्या, एकाग्रतेचा विकार असलेल्या काही मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीने देण्याची परवानगी दिली. मात्राही ठरलेली : दिवसाला सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. हा इतर उपचारांना जोड म्हणून आहे, पर्याय म्हणून नाही. इथे सुरुवातीची शिकवणी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. ती वगळायची सवलत मुलाला नाही.

बाकी सर्वसाधारण खेळात मधला एक रस्ता आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. मनू कापूर यांनी सिंगापूरच्या शाळांत सुरू केलेल्या कामात विद्यार्थ्यांना न शिकवलेले गणित आधी सोडवायला दिले. ते फसले. मग शिकवले. आधी शिकून मग सोडवणाऱ्यांपेक्षा या मुलांना संकल्पना अधिक खोलवर कळल्या. यातला ‘मग शिकवले’ हा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. मुलाने ‘स्किप’ खुशाल दाबावे, दहा मिनिटे धडपडावे आणि मग मदतीच्या पानावर परत यावे. आता डोक्यात प्रश्न तयार असतात, त्यामुळे तीच चार वाक्ये चिकटतात.

अडचण अशी, की ते पान सापडले पाहिजे आणि वाचता आले पाहिजे. मराठीत ट्युटोरियल असलेले गेम शोधावे लागतात. इंग्रजीतल्या सूचना राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत असतात, आणि चष्मा लावूनही न कळणारी गोष्ट वगळण्यावाचून आजीला गत्यंतर नसते. मारिओच्या पहिल्या टप्प्याला भाषाच लागत नव्हती, हे गेम बनवणाऱ्यांनी आठवावे. काही गेममध्ये तर एकदा वगळलेले ट्युटोरियल पुन्हा पाहायचे झाल्यास पहिल्यापासून नवा खेळ मांडावा लागतो, आणि आठवडाभर जमवलेले गुण त्यासाठी सोडायला कुणी तयार होत नाही.